आजचे डॉस आणि त्यांचे अपडेट : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुताच्या पेढीवरचा जुना हिशेब, यंत्रमाग कारखान्यातलं हप्त्याचं पगारपत्रक, बारावीला शिकलेलं टर्बो सी किंवा माळ्यावर पडून असलेला एखादा जुना फोर-एट-सिक्स संगणक. सोलापुरात डॉसचा, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, विषय निघतो तो यातल्याच कशावरून तरी. मग पुढचे प्रश्नही ठरलेलेच असतात. अशोक चौकातला कारखानदार आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

डॉस तर कधीच बंद पडलं. मग अपडेट कसलं?

बंद पडलं ते मायक्रोसॉफ्टचं एमएस-डॉस. डॉस चालूच आहे.

१९९४ साली मायक्रोसॉफ्ट डॉसकडे पाठ फिरवून पूर्णपणे विंडोजकडे वळणार हे दिसायला लागलं. तेव्हा जिम हॉल हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-रिव्हर फॉल्स विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत होता. त्याचं सगळं काम डॉसवर चालायचं. २९ जून १९९४ रोजी त्याने जाहीर केलं की सगळ्यांना खुलं असेल असं डॉस आपणच लिहायला घेऊ. सुरुवातीचं नाव पीडी-डॉस होतं, पुढे ते फ्रीडॉस झालं. पॅट व्हिलानी यांनी स्वतः लिहिलेला कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, या कामाला दिला आणि त्याच पायावर बाकीची इमारत उभी राहिली.

आवृत्ती १.० यायला २००६ चा सप्टेंबर उजाडला. १.१ जानेवारी २०१२ मध्ये आली, १.२ नाताळच्या दिवशी २०१६ मध्ये, १.३ फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि १.४ एप्रिल २०२५ मध्ये. दोन आवृत्त्यांमधलं अंतर बघून काम थांबलं असं समजू नका. मधल्या काळात चाचणीसाठीचे संच निघत असतात आणि प्रत्येक प्रोग्राम आपापल्या चालीने सुधारत असतो. हे सगळं लोक आपला मोकळा वेळ देऊन करतात. म्हणून घाई नसते, आणि माझ्या मते हिशेबाच्या यंत्रासाठी ही घाई नसणं फार मोलाचं आहे.

फ्रीडॉस सोडून आणखी कोणती डॉस आज जिवंत आहेत?

स्वारडॉस हे दुसरं महत्त्वाचं नाव. मातेउश व्हिस्टे या प्रोग्रामरने ते उभं केलं. आधी त्यात फ्रीडॉसचाच कर्नल होता, अलीकडे त्याने एन्हान्स्ड डीआर-डॉसचा कर्नल घेतला. हा कर्नल डिजिटल रिसर्चच्या डीआर-डॉसच्या वंशातला. कॅल्डेरा कंपनीने १९९७ मध्ये त्याचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, बाहेर दिला होता. स्वारडॉस अगदी आटोपशीर आहे, जुन्या ८०८६ यंत्रावरही चालतं, आणि त्यात मोठ्या आवृत्त्यांची वाट बघावी लागत नाही. पॅकेजं, म्हणजे एकेका प्रोग्रामचे गठ्ठे, तयार होतील तशी बाहेर पडतात.

एमएस-डॉसचा सोर्सही आता वाचता येतो. १.२५ आणि २.० या आवृत्त्यांचा सोर्स गिटहबवर २०१८ मध्ये आला, ४.०० चा एप्रिल २०२४ मध्ये, तोही एमआयटी परवान्याखाली. याचा अर्थ ६.२२ फुकट झालं असा मात्र नाही. ती आवृत्ती यात येत नाही.

डॉसबॉक्स, डॉसबॉक्स-एक्स आणि लिनक्सवरचं डॉसइमू-टू ही वेगळी जात. ती दुसऱ्या सिस्टिमच्या आत डॉसचं वातावरण उभं करतात. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

अपडेट आपोआप येतं का?

नाही. आणि या पानावरची सगळी उत्तरं या एका 'नाही'वर उभी आहेत.

फोनला आणि विंडोजला आपण इतके सरावलोय की सकाळी यंत्र चालू केलं की काहीतरी बदललेलं असणार हे गृहीतच धरतो. डॉस तुम्हाला न विचारता एक फाइलही हलवत नाही. कोणती फाइल बदलायची, कधी बदलायची आणि जुनी कुठे ठेवायची, हे तुम्हीच ठरवायचं. त्यासाठी थोडा अभ्यास लागतो, पण तो एकदा केला की यंत्रात काय आहे याची नेमकी माहिती तुमच्या हातात राहते. महिन्याअखेरीचे हिशेब चालू असताना मध्येच पडदा निळा करून 'थांबा' म्हणणारं कोणी नसतं.

मग सगळं चालू असताना अपडेट करावंच का?

दुकानाच्या किंवा कारखान्याच्या रोजच्या यंत्रावर उगीच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अपडेट करायचं ते कारण असेल तर: डिस्क बदलली आणि मोठं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) हवंय, एखादी चूक तुम्हाला खरोखर नडतेय, किंवा प्रिंटर आणि नेटवर्कसाठी नवा ड्रायव्हर लागतोय. नवीन आवृत्ती आली एवढंच कारण पुरेसं नाही.

शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी ठेवलेल्या यंत्रावर मात्र खुशाल करा. दर चाचणी-संच उतरवून बघा. चुका सापडतात त्या अशाच लोकांमुळे.

अपडेट म्हणजे नेमकं काय बदलतं?

डॉस हा एकसंध ठोकळा नाही. कर्नल म्हणजे 'कर्नल.सिस' ही एक फाइल. आज्ञा वाचणारा 'कमांड.कॉम' ही दुसरी, फ्रीडॉसमध्ये तिला फ्रीकॉम म्हणतात. मेमरी सांभाळणारे हायमेमएक्स, जेम-३८६ आणि जेमेक्स वेगळे. त्यानंतर एफडिस्क, फॉरमॅट, एक्सकॉपी, एडिट ही हत्यारं, प्रत्येकाचा लेखक वेगळा आणि आवृत्ती-क्रमांकही वेगळा. त्यामुळे 'माझं फ्रीडॉस १.३ आहे' या वाक्याचा अर्थ इतकाच, की बसवलं तेव्हा १.३ चा संच होता. नंतर तुम्ही फक्त एफडिस्क बदललं असेल, तर बाकीचं जुनं आणि एफडिस्क नवं, आणि त्यात काहीही वावगं नाही.

१.४ मध्ये भर होता तो विश्वासार्हतेवर: फ्रीकॉम, बसवण्याचा प्रोग्राम, मदतीची पानं, एफडिस्क आणि फॉरमॅट यांच्यातल्या दुरुस्त्या. दिखाऊ नवलाई फारशी नाही. डिस्कचे तुकडे पाडणाऱ्या प्रोग्राममधली चूक काय करू शकते हे ज्याने पाहिलंय, त्याला या दुरुस्त्यांची किंमत वेगळी सांगायला नको.

माझ्याकडे कोणती आवृत्ती आहे हे कसं कळणार?

'व्हर /आर' टाइप करून एंटर दाबा. फ्रीकॉमचा क्रमांक दिसतो आणि खाली कर्नलचाही. १.३ सोबत २०४३ क्रमांकाचा कर्नल आला होता. 'मेम /सी' दिल्यावर मेमरीत कोण किती जागा धरून बसलंय ते कळतं. हे दोन्ही कागदावर छापून यंत्राच्या कपाटात चिकटवून ठेवा. अपडेटनंतर काही बिनसलं तर आधी कसं होतं हे सांगणारा तोच एक साक्षीदार असतो.

एखादं पॅकेज बदलायचं तर पद्धत काय?

फ्रीडॉसमध्ये दोन वाटा. एफडीइम्पल्स हा मेनूचा प्रोग्राम. बसवण्याची सीडी किंवा पेनड्राइव्ह लावायचा, यादीतून पॅकेज निवडायचं, काढायचं किंवा घालायचं. इंटरनेट लागत नाही. दुसरा एफडीएनपीकेजी. तो नेटवरच्या साठ्यातून पॅकेज आणतो. 'एफडीएनपीकेजी चेकअपडेट्स' दिलं की कशाची नवी आवृत्ती आली ते दिसतं, आणि 'अपडेट' पुढे पॅकेजचं नाव दिलं की तेवढंच बदलतं. नाव न देता सगळंच एका दमात बदलू नका. दहा गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र अडलं, तर दोष कुणाचा हे शोधत बसाल.

पॅकेज म्हणजे शेवटी एक झिप फाइलच. ती दुसऱ्या संगणकावर उतरवून, फ्लॉपीवर किंवा कार्डावर आणून हातानेही बसवता येते. नेट नसलेल्या यंत्रांसाठी मी हीच वाट सांगतो.

स्वारडॉसमध्ये हे आणखी सुटसुटीत आहे. 'पीकेजीनेट चेकअप' नवीन काय ते सांगतं, 'पीकेजीनेट पुल' उतरवून घेतं आणि 'पीकेजी अपडेट' बसवतं. उतरवणं आणि बसवणं मुद्दाम वेगळं ठेवलंय, ते मला फार आवडतं. आधी फाइल हातात येते, मग तुम्ही ठरवता.

नेटला जोडायचं कसं? डॉसमध्ये वायफाय कुठून येणार?

वायफायचा नाद सोडा. केबल लागेल, नेटवर्क कार्ड लागेल आणि त्या कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर, म्हणजे डॉसला ते कार्ड वापरता यावं यासाठीचा छोटा प्रोग्राम, लागेल. त्यावर एमटीसीपी हा मायकेल ब्रुटमन यांचा संच बसवला की आयपी पत्ता घेणं, फाइल आणणं-पाठवणं, घड्याळ नेटवरून लावणं ही कामं जुन्या एक्सटी यंत्रावरसुद्धा होतात. अडचण येते ती आजच्या वेबसाइटींची. बहुतेक साइटी सुरक्षित जोडणी मागतात आणि डॉसमधली साधी हत्यारं तिथे अडतात. म्हणून ऑफिसातल्या दुसऱ्या संगणकावर फाइल उतरवा आणि तिथून आतल्या नेटवर्कवर एफटीपीने डॉसच्या यंत्रात ओढा. सरळ काम आहे.

कर्नल बदलायची भीती वाटते. यंत्र चालूच झालं नाही तर?

भीती रास्त आहे, पण तयारी केली तर यात अडकण्यासारखं काही नाही. क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी यंत्र चालू करू शकेल असं दुसरं माध्यम तयार करा. फ्लॉपी, सीडी किंवा पेनड्राइव्ह, तुमचं यंत्र ज्याला मानतं ते. नुसतं तयार करून ठेवू नका, त्यावरून यंत्र एकदा चालू करून बघा आणि 'डीआयआर सी:' देऊन तुमच्या फाइली तिथून दिसतात का ते तपासा. इतकं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग सध्याची 'कर्नल.सिस' त्याच ठिकाणी 'कर्नल.ओल्ड' नावाने कॉपी करा, आणि त्या सुटकेच्या माध्यमावरही एक प्रत ठेवा. 'एफडीकॉन्फिग.सिस' आणि 'एफडीऑटो.बॅट' यांच्याही प्रती घ्या. आता नव्या संचातली योग्य फाइल निवडायची, आणि चूक बहुतेक वेळा इथेच होते. कर्नलच्या फाइली अनेक असतात: ८०८६ प्रोसेसरसाठीची वेगळी, ३८६ साठीची वेगळी, फॅट-३२ (डिस्कवर फाइली मांडण्याची एक पद्धत, फॅट-१६ ही तिच्याआधीची) ओळखणारी वेगळी आणि न ओळखणारी वेगळी. तुमचं पार्टिशन फॅट-३२ असेल आणि तुम्ही फॅट-१६ पुरता कर्नल घातलात, तर त्याला स्वतःची डिस्कच वाचता येणार नाही.

निवडलेली फाइल 'कर्नल.सिस' नावाने सी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवा आणि यंत्र पुन्हा चालू करा. सुरुवातीच्या ओळी येताना एफ८ दाबलं तर कॉन्फिग फाइलमधली एकेक ओळ विचारून विचारून चालवता येते, आणि एफ५ दाबलं तर सगळ्या ओळी वगळून यंत्र थेट आज्ञेसाठी तयार होतं. एफ५ ने चालतंय आणि एरवी अडतंय, तर कर्नल ठीक आहे, दोष कॉन्फिगमधल्या एखाद्या ओळीत आहे, बहुधा मेमरीच्या ड्रायव्हरमध्ये. तेवढीही साथ मिळाली नाही तर सुटकेच्या माध्यमावरून चालू करून जुनी फाइल परत ठेवा. बूट सेक्टर (डिस्कचा यंत्र चालू करून देणारा सुरुवातीचा तुकडा) खराब झाला असेल तर 'सिस सी:' देऊन तो नव्याने लिहिता येतो.

हे काम कारखान्याला सुट्टी असेल तेव्हा करा, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत किंवा दिवाळीत. शनिवारी हप्ता वाटायचा असताना करू नये.

१.३ वरून १.४ वर जायचं तर वरच्यावर बसवू की नव्याने?

नव्याने. डेटा आणि स्वतःचे प्रोग्राम दुसरीकडे काढा, पार्टिशन साफ करा, १.४ बसवा, मग सगळं परत आणा. डॉसमध्ये हे जमतं, कारण प्रोग्राम म्हणजे त्याचं फोल्डर आणि फार तर कॉन्फिगमधल्या दोन ओळी. रजिस्ट्री वगैरे भानगड नाही.

परत आणताना मात्र जुन्या कॉन्फिगमधल्या ओळी विसरू नका. फॉक्सप्रोला, म्हणजे हिशेबाचे जुने प्रोग्राम ज्यात लिहिले जायचे त्या डेटाबेसच्या साधनाला, एका वेळी बऱ्याच फाइली उघड्या लागतात. तुमच्या जुन्या यंत्रात 'फाइल्स=' पुढे मोठा आकडा लिहिलेला असतो आणि नव्या संचात ठरावीक आकडा येतो. मग एखादा मोठा अहवाल काढताना प्रोग्राम 'खूप फाइली उघड्या आहेत' म्हणून अडतो आणि लोक म्हणतात नवं डॉस खराब आहे. तो आकडा वाढवला की काम होतं. दोन यंत्रांवरून एकच डेटा उघडत असाल तर 'शेअर' (एकाच फाइलीवर दोघांनी एकदम लिहू नये हे सांभाळणारा प्रोग्राम) लोड होतंय का तेही बघा, आणि खऱ्या डेटावर जायच्या आधी त्याच्या प्रतीवर दोन्हीकडून नोंदी करून खात्री करा.

मध्येच लाईट गेली तर?

या प्रश्नाला हसण्यावारी नेऊ नका. फॅट फाइल सिस्टिमला नोंदवही नसते. अर्धवट लिहिलेलं पूर्ण करायला किंवा मागे घ्यायला तिच्याकडे काही साधन नाही. फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर हरवलेले तुकडे राहतात आणि दोन फाइली एकमेकींत अडकू शकतात. यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी खरंच दहा मिनिटं धरते का हे आधी बघा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बॅटऱ्या लवकर मान टाकतात.

वीज गेलीच तर यंत्र चालू झाल्यावर आधी तपासणी. फॅट-१६ साठी 'चेकडिस्क', फॅट-३२ साठी 'डॉसएफएससीके'. फ्रीडॉसचं चेकडिस्क फॅट-३२ हाताळत नाही, त्यामुळे चुकीचं हत्यार उचलू नका. आणि लिहिणं लांबणीवर टाकणारा कॅश प्रोग्राम हिशेबाच्या यंत्रावर नको. एलबीए-कॅश वाचलेलंच साठवतो आणि लिहिलेलं लगेच डिस्कवर पोचवतो, तो बरा.

जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवण्याचा सल्ला मी सगळ्यांना देतो. साध्या जोडपट्टीने ते आयडीई डिस्कसारखं चालतं. मागाजवळच्या खोलीत कापसाची पूस सगळीकडे बसते, तिथे न फिरणारी डिस्क जास्त टिकते. शिवाय कार्ड काढून दुसऱ्या संगणकात लावलं की सबंध डिस्कची प्रत निघते. बॅकअपचं निम्मं दुखणं तिथेच संपतं.

विंडोज १० बंद झालं आणि आमचा फॉक्सप्रोचा हिशेब नव्या यंत्रावर चालेना. आता?

सध्या सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच. डॉसचे १६-बिटी प्रोग्राम चालवणारा भाग फक्त ३२-बिटी विंडोजमध्ये होता. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटी आहे. त्यामुळे ज्यांनी ३२-बिटी विंडोजवर इतकी वर्षं काढली त्यांचा रस्ता खरोखर संपला.

पर्याय तीन, आणि माझा कल त्याच क्रमाने आहे. पहिला, नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयूमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक (व्हर्च्युअल मशीन) उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये, फ्रीडॉस. सबंध डॉस एका फाइलीत राहतं, ती फाइल कॉपी केली की पूर्ण बॅकअप, आणि अपडेट आधी प्रतीवर करून बघता येतं. दुसरा, डॉसबॉक्स-एक्स. छपाईची सोय त्यात चांगली आहे. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी लिहिलेलं आहे, हिशेबासाठी त्यावर विसंबू नये. तिसरा, खास डॉससाठी जुनं यंत्र जपणं.

यातलं काहीही करा, पण त्याआधी डेटाची प्रत घ्या. फॉक्सप्रोचा डेटा ज्यात असतो त्या डीबीएफ फाइली लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडतात. एकदा उघडून डोळ्याने बघा. ज्यांनी तो प्रोग्राम लिहून दिला ते गृहस्थ आता गावात नाहीत, पासवर्ड कुणाला ठाऊक नाही, असं असलं तरी डेटा बहुतेक वेळा सुखरूप असतो.

टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला प्रोग्राम नव्या यंत्रावर 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडत असेल, तर दोष डॉसचा नाही. त्या भाषेच्या सीआरटी युनिटमध्ये थांबण्याचा वेळ मोजणारं गणित आहे, आणि वेगवान प्रोसेसरवर त्या भागाकाराचं उत्तर जागेत मावत नाही. डॉस कितीही अपडेट केलंत तरी ते सुटणार नाही. त्यासाठी वेगळे पॅच मिळतात.

डॉट मॅट्रिक्सवर छपाई होत नाही. अपडेटने होईल का?

बहुधा नाही, कारण अडचण दुसरीकडे असते. डॉसचे प्रोग्राम एलपीटी१ वर, म्हणजे प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर, थेट लिहितात. सुट्या कार्डावरचा पॅरलल पोर्ट असेल तर त्याचा पत्ता जुन्या ठरलेल्या ३७८ वर नसतो, आणि बायोस (यंत्र चालू होताना त्याचे भाग ओळखणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) त्याची नोंदच करत नाही. ती नोंद मेमरीतल्या ००४०:०००८ या जागी असते. डीबगने तिथे कार्डाचा पत्ता लिहिला की अनेकदा प्रिंटर लगेच आवाज करायला लागतो. मग त्या ओळी ऑटो फाइलमध्ये घालून टाका. यूएसबी प्रिंटर डॉसला असा दिसत नाही. तिथे डॉसबॉक्स-एक्सचा मार्ग घ्यावा लागेल.

बिलाचे रकाने सांडत असतील तर बारीक अक्षरांसाठीचा १५ हा कोड प्रिंटरला जातोय का ते तपासा.

डॉसमध्ये मराठी दिसेल का?

डॉसच्या मजकूर-पडद्यावर एका वेळी २५६ अक्षरचिन्हं बसतात, फार तर ५१२, आणि सगळ्यांची रुंदी सारखी. आपली जोडाक्षरं आणि मात्रा त्यात बसवणं अवघडच. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर जिस्ट कार्ड काढलं होतं. संगणकात बसवायचं स्वतंत्र कार्ड, ते पडद्यावर देवनागरी उमटवायचं आणि डॉसच्या साध्या प्रोग्राममध्येही मराठी टाइप करता यायचं. अनेक कार्यालयांचा मराठी कारभार त्या एका कार्डावर चालला. तितक्या साधनांत केलेलं ते काम बघितलं की अजून आदर वाटतो.

आजच्या फ्रीडॉसमध्ये देवनागरीची तशी सोय नाही. पण जुना डेटा वाचवता येतो. जिस्टचा मजकूर इस्की या भारतीय मानकात साठवलेला असतो, आणि युनिकोडची देवनागरी मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. आयसीयू या मुक्त लायब्ररीत इस्कीचं रूपांतर आहे. लिनक्सवर ते चालवून डीबीएफमधून काढलेली नावं-पत्ते युनिकोडमध्ये आणता येतात. असा डेटा कुणाकडे असेल तर तो भंगारात देऊ नका, ही कळकळीची विनंती.

बिलावर १९८० सालची तारीख येते.

मदरबोर्डवरची बॅटरी संपली आहे, ती बदला. फाइलींची तारीख १९८० ते २१०७ पर्यंत धरता येते, तेव्हा डॉसची स्वतःची काळजी नाही. तुमच्या प्रोग्रामने साल दोन आकड्यांत ठेवलं असेल तर तो प्रश्न प्रोग्राममध्येच सोडवावा लागेल.

नवीन संगणकावर फ्रीडॉस पेनड्राइव्हवरून चालूच होत नाही.

डॉसला जुन्या पद्धतीचा बायोस लागतो. यूईएफआयवाल्या (बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीच्या) यंत्रात सीएसएम नावाची जुन्या बायोसशी जुळवणूक असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा आणि सिक्युअर बूट बंद करा. इंटेलने २०१७ मध्येच ही जुळवणूक काढून टाकण्याचा मनोदय सांगितला होता आणि अलीकडच्या अनेक यंत्रांत ती नसतेच. मग व्हर्च्युअल मशीन हाच मार्ग.

दुकानदार म्हणतो लॅपटॉप 'डॉसवर' आहे. त्याला अपडेट लागेल?

नाही. त्याचा अर्थ विंडोजचा परवाना किमतीत धरलेला नाही, इतकाच. त्यावर लिनक्स किंवा विंडोज तुम्ही घालायचं.

सुरक्षेचं काय? व्हायरस?

डॉसमध्ये वापरकर्ते नाहीत, परवानग्या नाहीत, कोणताही प्रोग्राम कुठेही लिहू शकतो. हे अपडेटने बदलणार नाही. यंत्र थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका, आणि जुन्या फ्लॉप्या आधी लिनक्सवर क्लॅमएव्ही या व्हायरस-शोधकाने तपासून घ्या. नव्वदच्या दशकातले बूट व्हायरस अजून त्यांच्यावर तसेच बसलेले असतात.

जुने खेळ आवाजासह चालतील का?

आजच्या साउंड चिपवर जुन्या साउंड ब्लास्टरचं सोंग आणणारे एसबीइमू आणि व्हीएसबीएचडीए हे प्रोग्राम मिळतात. ते झपाट्याने सुधारत आहेत, तेव्हा ताजी आवृत्तीच घ्या.

मी कॉलेजात आहे. यात मला काही करता येईल का?

नक्की, आणि तुम्हीच यावं असं मला मनापासून वाटतं. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर जे शिकवलं जातं ते परीक्षेनंतर सोडून द्यायची गरज नाही. फ्रीडॉसचा कर्नल बराचसा सी भाषेत लिहिलेला आहे, जीपीएल परवान्याखाली खुला आहे, आणि एका माणसाला समजून घेता येईल एवढाच आहे. लिनक्सचा कर्नल उघडला की कुठून सुरुवात करावी कळत नाही. इथे फाइल उघडताना नेमकं काय घडतं ते एका संध्याकाळी ओळीओळीने वाचता येतं. टर्बो सीऐवजी ओपनवॉटकॉम हा कंपायलर वापरा. फ्रीडॉसच्या संचात तो आहे आणि कर्नलही त्याने बांधता येतो. नेझम, डीजेजीपीपी ही प्रोग्राम बांधण्याची हत्यारंही आहेत.

पहिलं काम म्हणून कर्नलला हात लावायची घाई नको. एखाद्या छोट्या हत्याराची मदत-पानं नीट करणं किंवा नव्या चाचणी-संचावर तुमच्या घरचा जुना प्रोग्राम चालवून बघणं, यालाही तितकीच गरज आहे. जगात कुठेही बसलेल्या विकासकाकडे सोलापूरच्या सुताच्या पेढीवरचा फॉक्सप्रो नसतो. तुमच्याकडे असतो.

चूक सापडली तर कशी कळवायची?

इंग्रजीत, थोडक्यात आणि नेमकी. 'चालत नाही' एवढं लिहिलंत तर उत्तर येणार नाही. यंत्राचा प्रोसेसर आणि मेमरी, 'व्हर /आर' आणि 'मेम /सी' चं उत्तर, सुरुवातीच्या मेनूतला कोणता पर्याय निवडला होता, आणि चूक पुन्हा घडवायला कमीत कमी किती पायऱ्या लागतात, हे लिहा. एफ५ दाबून, कोणताही ड्रायव्हर न घेता तीच चूक येते का, हे आधी तपासा. जुन्या आवृत्तीत ती येत नव्हती असं असेल तर दोन्ही आवृत्त्यांचे क्रमांक द्या, कारण मग दोघांतला बदल बघून दोष पटकन सापडतो. कारखान्याचा खरा डेटा पाठवू नका. दोन-चार खोट्या नोंदींची छोटी डीबीएफ फाइल बनवून तीच जोडा, आणि उत्तर येईपर्यंत 'कर्नल.ओल्ड' पुसू नका.